शिडावरचे निळे ठिगळ

गेल्या हिवाळ्यात आमच्या मराठी विभागाची सहल कोकणात गेली होती. परळीला परतल्यावर विद्यार्थ्यांनी भित्तिपत्रकासाठी छायाचित्रे दिली. त्यांत हर्णै बंदराची दोन छायाचित्रे होती, खरे तर एकाच छायाचित्राच्या दोन प्रती. मागे सुवर्णदुर्ग, पुढे नांगरलेल्या यांत्रिक होड्या आणि त्यांच्यामधून वाट काढणारी एक लहानशी शिडाची होडी. एक प्रत रंगीत, दुसरी मोबाइलवर कृष्णधवल केलेली. आम्ही तिघा प्राध्यापकांनी एकमताने कृष्णधवल प्रत निवडली. 'हिच्यात कलात्मकता आहे', एवढे कारण आम्हाला पुरले. छायाचित्र काढणाऱ्या विद्यार्थिनीने मात्र विचारले, "सर, शिडाला निळ्या ताडपत्रीचं ठिगळ होतं. आमच्या कडब्याच्या गंजीवर असते ना, तसल्या. ते यात कुठं दिसतंय?"

ते दिसत नव्हते. करड्या शिडात करडे ठिगळ विरून गेले होते. होडी सुंदर झाली होती. पण ती कोणत्या काळातली, कोणाच्या घरची, हे सांगणारी एकमेव खूण आम्ही पुसून टाकली होती.

शिडाचे जहाज दिसले की ते कृष्णधवल असावे असे आपल्याला का वाटते? जुन्या बंदरांची छायाचित्रे आपण तशीच पाहिली, म्हणून. वस्तुतः तो त्या काळच्या तंत्राचा नाइलाज होता. आपण त्या नाइलाजालाच प्राचीनतेचा रंग समजून बसलो आहोत. हा समज खोडून काढणारा पुरावा आपल्या मराठवाड्यातच आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे, शिडे उभारलेले एक जहाज चितारलेले आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे हे जहाज रंगीत आहे. अजिंठ्यातील जहाजचित्राच्याच आधारे काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेले 'कौंडिण्य' मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर पोरबंदरहून मस्कतकडे निघाले.

अजिंठ्याची चित्रे टिपणाऱ्यांसमोरही रंगाचा हा प्रश्न होता. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून तेथील भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. त्याने लेण्यांची छायाचित्रेही घेतली, पण त्या काळच्या कॅमेऱ्याला रंग टिपता येत नव्हता. पुढे निजामाच्या राजवटीत गुलाम याझदानी यांनी अजिंठ्यावर जे खंड प्रसिद्ध केले (१९३० पासून), त्यांच्या इंग्रजी शीर्षकातच रंगीत आणि एकरंगी अशा दोन्ही प्रतिकृतींचा उल्लेख आहे. हा शहाणपणा मला महत्त्वाचा वाटतो. एकरंगी प्रतीत रेषा वाचता येते. रंगीत प्रतीत चित्र काय होते ते कळते. एकीने दुसरीची जागा घ्यायची नसते.

कृष्णधवलाचे सामर्थ्य मी नाकारत नाही. वाऱ्याने तट्ट फुगलेल्या शिडाचा बाक, दोरांचा ताण, डोलकाठीची पाण्यावर पडलेली छाया हे सारे रंगाच्या गर्दीतून बाजूला काढून दाखवणे त्यालाच जमते. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रे काढली, त्यांत कृष्णधवल हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. आक्षेप आहे तो विचाराविना मिळणाऱ्या गांभीर्यावर. बोट लावताच रंग जातो आणि त्याबरोबर कलात्मकता आपोआप येते, ही समजूत कवितेत 'तिमिर' आणि 'नीरव' पेरले की ती सखोल होते, या समजुतीच्या जातीची आहे.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. १९७२ च्या दुष्काळाची छायाचित्रे कृष्णधवल आहेत, कारण तेव्हाची वर्तमानपत्रे तशीच छापली जात. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या दुष्काळाचे छायाचित्र कोणी कृष्णधवल केले, तर तो निर्णय ठरतो. त्यात रांगेतल्या प्लास्टिकच्या रंगीत घागरी करड्या होतात, आणि त्या वर्षाचा, त्या वर्षीच्या नियोजनाचा दुष्काळ सनातन भासू लागतो. सनातन गोष्टीचा जाब कोणी विचारत नाही. रंगात पुष्कळदा तारीख दडलेली असते. ती काढून घेतली की जबाबदारीही निसटते.

बंदरातही तेच घडते. शिडाच्या होडीला भूतकाळात ढकलले की तिच्यावर आज पोट असणारा माणूसही तिच्याबरोबर भूतकाळात जातो. मग त्याची चौकशी न करता त्याच्याविषयी हळहळणे सोपे होते.

भित्तिपत्रकावर अखेर दोन्ही प्रती शेजारी शेजारी लावल्या. शीर्षक त्या विद्यार्थिनीनेच दिले: 'ठिगळ'. आता मुले आधी कृष्णधवल प्रतीकडे पाहतात, मग रंगीत प्रतीत ते ठिगळ शोधतात. छायाचित्र वाचायला शिकवण्याचा याहून बरा पाठ आम्हा तिघांपैकी कोणालाही सुचला नसता.