तेहतीस वर्षांत एक फेरी

माझा जन्म १९९० चा, पुण्यातल्या भवानी पेठेतला. त्या वर्षी रमजान मार्चअखेर सुरू झाला होता. २०२३ मध्ये तो पुन्हा मार्चअखेर आला. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. त्यात अधिक मास नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला हा हिशेब सोपा आहे. पण पुण्याचे ऋतू मला त्यातूनच कळले, हे उशिरा लक्षात आलं.

पहिला रोजा आठव्या वर्षी, डिसेंबरात. सहरीला फरशीवर पाय टेकवत नव्हता. दादी गोधडीत गुंडाळून ताटापुढे बसवायची. संध्याकाळी सहाच्या सुमारास मगरिबची अजान, आणि इफ्तारच्या ताटात मंडईतली बोरं आणि पेरू. इंजिनिअरिंगला गेलो तोवर रमजान पावसाळ्यात पोचला होता. मोमीनपुऱ्यात ताडपत्रीखाली कढया चढायच्या, आणि कपडे वाळायचे नाहीत म्हणून अम्मी सगळा महिना वैतागलेली. २०१० मध्ये ईद आणि गणेश चतुर्थी लागूनच आल्या. शीरखुर्म्याचे डबे शेजारी गेले, ते मोदक घेऊन परत आले. हे वाचून कुणी ‘गंगा-जमनी’ म्हणत मान डोलावू नये. डबा रिकामा परत करायचा नाही, एवढाच आमच्या वाड्याचा नियम होता.

आमच्या भागाचा खरा सण म्हणजे पालखी. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत मुक्कामाला असते, तुकोबांची शेजारच्या नाना पेठेत. गल्लीतली आम्ही पोरं पाण्याचे पिंप भरून उभी राहायचो. २०१५ आणि २०१६ मध्ये पालखी रमजानात आली. एका म्हाताऱ्या वारकरी बाईने माझ्याकडून तांब्या घेतला, पाणी प्यायली आणि म्हणाली, “तू पण घे की दोन घोट.” रोजा आहे म्हटल्यावर हसली. “मग आज तुझी एकादशी!”

मुलगी झाल्यावर आम्ही ऑफिसजवळ, शहराच्या पश्चिमेला घर बघायला लागलो. एजंट आधी उत्साहात असायचा. नाव सांगितलं की म्हणायचा, “सर, मला काही नाही हो, सोसायटीचं आहे.” तीन ठिकाणी हेच झालं. शेवटी कोंढव्यात घर घेतलं. कोंढव्याबद्दल माझी तक्रार नाही, शेजार चांगला आहे. पण मुलगी पाच वर्षांची झाली आणि पालखी तिने फक्त मोबाइलवर पाहिली आहे.

दोष दार लावणाऱ्यांचा आहे, यात शंका नाही. तरी आपल्याबद्दलही बोललं पाहिजे. तिसऱ्या नकारानंतर मी चौथी सोसायटी बघायलाच गेलो नाही. घरचे म्हणाले, ‘आपल्यातच बरं,’ आणि मला खरं तर हायसं वाटलं. दंगलीच्या भीतीने जे एकत्र राहायला आले, त्यांना मी काय शिकवणार? पण माझ्यासारख्या पगारदाराने या सोयीची इतक्या लवकर सवय करून घ्यावी, हे मला आता खटकतं. घर, ऑफिस, मशीद, मॉल: एवढंच शहर उरतं. ‘पुणे आमचंही आहे’ असं आपण तावातावाने लिहितो, आणि पाऊस पडल्यावर मुठेच्या पुलावर उभं राहायलाही जात नाही.

महात्मा फुल्यांचा वाडा मोमीनपुऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मी आत पहिल्यांदा गेलो तो अठ्ठाविसाव्या वर्षी, तेही एका परगावच्या मित्राने नेलं म्हणून. पाणवठ्यावर ज्यांना मज्जाव होता, त्यांच्यासाठी फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद खुला केला. ज्या पेठेत हे घडलं, तिथेच माझं अर्धं लहानपण गेलं, आणि मला ती फक्त रमजानच्या खाऊगल्लीची म्हणून माहीत होती. मग बाकीचं शहर वर्षातून एकदा कॅमेरा घेऊन तिथे कबाब खायला येतं, म्हणून रुसायचा मला फारसा हक्क नाही. त्यांनी यावंच. एखादी चक्कर स्टॉल नसतानाही मारावी.

अम्मी-अब्बा अजून भवानी पेठेतल्या त्याच दोन खोल्यांत राहतात. बिल्डर विचारून गेलाय. चुलतभावांना विकायचंय, माझ्या हिश्शात कोंढव्याचं कर्जही फिटेल. बायको म्हणते, भावनेवर हप्ते भरता येत नाहीत. तिचं चूक नाही. माझ्या हिशेबाने पालखी आणि रमजान पुन्हा एकत्र येतील ते २०४८ च्या आगेमागे. तेव्हा मी अठ्ठावन्नचा असेन. पिंप ठेवायला तिथे आपलं दार असावं, म्हणून मी अजून सही केलेली नाही. यंदा पालखीच्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. मुलीने विचारलंय, तांब्या तिला एकटीला धरता येईल का.