गोशाळा म्हणजे तबेला नव्हे



रस्त्यावर सोडून दिलेला घोडा ‘सरळ जवळच्या गोशाळेत नेऊन बांधावा’, असे सुचवणारे पत्र गेल्या अंकात वाचले. पत्रलेखकाची कळकळ खरी, उपाय मात्र घाईचा.

घोडा रवंथ करत नाही आणि त्याला उलटीही होत नाही. उपाशी जनावरापुढे दयेपोटी घमेलंभर चंदी ओतली, तर पोटशूळ उठून ते दगावू शकते. आधी पाणी आणि थोडे-थोडे वाळलेले गवत. दाणा नंतर, तोही बेताने. गुरांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन असते. गाईला ते मानवते, घोड्याला विष ठरते. शिवाय सहा-आठ आठवड्यांनी खूर तासावे लागतात. नालबंद मिळतो कुठे हल्ली? ग्लँडर्सची रक्ततपासणी तर टाळूच नये. तो रोग माणसालाही होतो.

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावर असे वाऱ्यावर सोडणे गुन्हा आहे. म्हणून आधी पोलिसांत नोंद करावी. नाहीतर घोडा अंगाने भरला, की मालक दावा सांगायला हजर!

मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हाही गाड्यांपेक्षा घोड्यांचे काय करायचे हाच प्रश्न अवघड होता.

कोणी घोडा न्यायला तयार झाले, तर मी आधी एवढेच विचारतो: तुमच्याकडे दुसरा घोडा आहे का? कळपातले जनावर आहे, आणि पंचवीस वर्षे सहज जगते.

– एक निवृत्त पशुवैद्यक, कर्जत