इंजिनचा आवाज आणि उस्तादाचे इमान

मुंब्रा, कल्याण, डोंबिवली, भिवंडी या पट्ट्यात जुनी गाडी हौसेसाठी कमीच घेतली जाते. कुणी शाळेच्या मुलांची ने-आण करायला जुनी इको घेतो, कुणी टॅक्सी चालवायला जुनी वॅगनआर. पैसा घरच्या दागिन्यांचा किंवा कर्जाचा असतो. आणि सौदा पक्का होतो एका वाक्यावर : "इंजिनचं काम नुकतंच केलंय, बघायची गरजच नाही." माझे म्हणणे असे की, हे वाक्य कानावर पडले की बघायला सुरुवात करावी.

काम केलेले इंजिन वाईट नसते. मुंबईची पद्मिनी टॅक्सी आठवा. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ साली नोंदली गेली आणि २० वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. एवढी वर्षे या गाड्या धावल्या त्या गल्लीबोळातल्या मिस्त्रींच्या हातांमुळे. दुरुस्तीत लाज नाही. लाज आहे ती लपवण्यात.

मुळात 'काम' म्हणजे काय, हे विचारावे. बोअरिंग करून मोठ्या साइजचे पिस्टन बसवले, क्रँक घासून त्या मापाची बेअरिंग टाकली, की सिलिंडर झिजलेला असताना नुसत्या रिंगा बदलल्या? पहिले काम वर्षानुवर्षे चालते, दुसरे गाडी विकली जाईपर्यंत. खरे काम झाले असेल तर मशीन शॉपचे बिल असते आणि त्यावर साइज लिहिलेली असते. आरसीवरचा इंजिन नंबरही ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून घ्यावा.

मग कान लावावा. इंजिन पूर्ण थंड असतानाच गाडी बघायला जावे. पोचल्यावर बॉनेट गरम लागले तर समजावे, कुणीतरी आधीच गाडी चालू करून ठेवली आहे. थंड इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट जास्त असते, म्हणून झिजलेला पिस्टन तेव्हा बद्द ठोका देतो. तापून फुगला की तो आवाज दबतो. वरून, हेडच्या बाजूने येणारी हलकी टिकटिक बहुधा टॅपेटची असते आणि खर्च थोडका असतो. पण रेस देऊन सोडल्यावर खालून, ऑइल चेंबरच्या बाजूने जड ठकठक आली तर ती कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची असू शकते. पेट्रोल गाडीत मिस्त्री एकेका सिलिंडरचा प्लग बंद करून बघतो. ज्याचा बंद केल्यावर ठकठक घटते, दोष तिथला.

धूरही बोलतो. रेस देताना निळा धूर आला तर संशय रिंगांवर. रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताना थोडा वेळच सोडला तर वॉल्व्ह सीलवर. शेवटी कॉम्प्रेशन गेज लावायला सांगावे. सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे यावेत. एखादा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात : आकडा चढला तर झीज बहुधा रिंगा-सिलिंडरची, नाही चढला तर वॉल्व्हची.

हे सगळे विकणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणूनच काही जण कंपनीने सांगितलेल्या ग्रेडपेक्षा जाड ऑइल भरतात. ठोका काही दिवस दबतो. याला धंद्याची हुशारी म्हणणारे भेटतात. करार कायदा, १८७२ याच्या कलम १७ मध्ये, माहीत असलेली गोष्ट फसवण्याच्या हेतूने झाकून ठेवणे याला कपटच म्हटले आहे. आपल्या फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' आहे : सौद्याच्या वेळी असलेला, पण न सांगितलेला ऐब निघाला तर घेणाऱ्याला माल परत करण्याचा हक्क. नमाजेची वेळ पाळणाऱ्याने मालातला ऐबही सांगितला पाहिजे.

पण माझी खरी तक्रार विकणाऱ्याशी नाही, उस्तादाशी आहे. उर्दूत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि गॅरेजमध्ये मिस्त्रीलाही. आमच्या वर्गातून उठून कितीतरी मुले त्याच्या हाताखाली शागिर्द होतात. गरीब माणूस भरवशाने ज्याला गाडी बघायला नेतो, तोच उस्ताद विकणाऱ्याकडून कमिशन घेऊन खालच्या ठकठकीला 'टॅपेट आहे, काही नाही' म्हणतो, तेव्हा बाजूला पाना घेऊन उभा असलेला सोळा वर्षांचा शागिर्दही दोन गोष्टी शिकतो : आवाज कसा ओळखायचा, आणि ओळखून गप्प कसे बसायचे.

उपाय साधा आहे. गाडी बघायची फी उस्तादाने घेणाऱ्याकडून उघडपणे मागावी, विकणाऱ्याचा पैसा घेऊ नये. आणि काय ऐकले, काय मोजले, बोअर किती, क्रँक किती, हे एका कागदावर मराठीत किंवा उर्दूत लिहून सही करून द्यावे. घेणाऱ्यांनीही ती फी देताना कुरकुर करू नये. काही शे रुपये वाचवायला जाऊन लाखाचा हप्ता गळ्यात पडतो, आणि हप्ता इंजिन बंद पडले म्हणून थांबत नाही.