ब्रश बारीक होत नाही
पाटीवाचक, बांदा

मंगळवारी एका थांब्यावर वेळापत्रकाच्या नव्या फलकापुढे उभा होतो. शेजारच्या आजींनी विचारलं, "झिला, ही गाडी मडुऱ्याक जाता काय सातार्ड्याक?" आजींना वाचता येतं, नजरही चांगली आहे. पण तो फलक मलाही दोनदा वाचावा लागला. 'बांदा'तल्या ब च्या पोटातली तिरकी रेघ बुजून त्याचा व झाला होता. 'मडुरा'चा उकार ड च्या शेपटीत गुंतला होता आणि 'सातार्डा'च्या रफाराचा कान्यावर नुसता डाग उरला होता.

नावं लांब, रकाना अरुंद. म्हणून नेहमीचाच फाँट घेऊन संगणकावर दोन्ही बाजूंनी दाबला होता. असं दाबलं की उभे दंड आणि काने बारीक होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते. आपलं वाचन चालतं ते त्या दंडांवर आणि अक्षरांच्या पोटातल्या मोकळ्या जागेवर. नेमकं तेच मारलं जातं.

आमच्या बाजारातले जुने पेंटर हे काम कसं करत ते आठवा. फळीवर 'सावंतवाडी' बसवायचं, तर आधी खडूच्या रेघा मारून अक्षरं मोजत. जागा कमी पडली तर अक्षर अरुंद होई, पण हातातला चपटा ब्रश तोच राही. ब्रशाची रुंदी तीच, म्हणून दंडाची जाडीही तीच. काटकसर करायला उरे ती फक्त मोकळी जागा. ती व च्या पोटातून थोडी, दोन अक्षरांमधून थोडी, अशी काढत. पोट बुजतंय असं दिसलं की गाठ सोपी करत. ते अक्षर दाबत नसत, त्या जागेसाठी नव्यानं काढत.

मुंबईच्या 'एक टाइप'चा २०२२ साली आलेला 'अनेक' फाँट याच समजुतीनं घडवलेला आहे. त्याच्या देवनागरीची रुंदी ७५ पासून १२५ पर्यंत हवी तशी घेता येते, आणि अरुंद केल्यावरही दंड दंडासारखा राहतो. गूगलच्या 'नोटो सान्स देवनागरी'लाही अरुंद रूपं आहेत. दोन्ही फुकट मिळतात. बांद्यातल्या फ्लेक्सच्या दुकानालाही ते मिनिटात उतरवून घेता येतील.

आणि पुन्हा एकदा ऱ. 'मडुऱ्याहून' असं लिहिताना त्या फलकावर 'मडुर्याहून' झालं आहे. दर्या आणि दऱ्या यांतला फरक मी इथे किती वेळा मांडला, वाचक जाणतात. ज्याला ऱ ची पर्वा नाही तोच अक्षर दाबतो, असं माझं ठाम मत आहे. पुरावा माझ्याकडे नाही, पण इतकी वर्षं पाट्या वाचून ते झालं आहे.

असंच दाबलेलं अक्षर महामार्गाच्या पाटीवर आलं तर? गोव्याच्या हद्दीवरची पात्रादेवी ओलांडून ताशी ८० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. तिच्या चालकाला आमच्या गावाचं नाव वाचायला दोन-तीन सेकंद मिळतात. थांब्यावरच्या आजींकडे तरी वेळ होता. त्यांची गाडी मडुऱ्याचीच निघाली. मी कंडक्टरला विचारून त्यांना सांगितलं.