संगणकाला मराठी नीट वाचायला शिकवू या

माझा भाऊ आणि माझी बहीण. दोन्हीकडे ‘झ’ लिहिला जातो एकसारखाच, पण आपण तो दोन प्रकारे उच्चारतो. ‘चिंच’मधला पहिला च तालव्य आणि दुसरा दंततालव्य. ‘सारे जग’मधला ज वेगळा, ‘तू सुखाने जग’मधला वेगळा. लिपी हा फरक दाखवत नाही. लहानपणापासून मराठी ऐकलेल्या माणसाला तो आपोआप कळतो, संगणकाला मात्र कोणीतरी सांगावा लागतो. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही ती माणसे बातम्या, पुस्तके, परीक्षेचे अर्ज, बँकेचे व्यवहार संगणकाच्याच आवाजातून वाचतात. 2011च्या जनगणनेत देशात 50 लाखांहून अधिक लोकांची नोंद दृष्टीचे अपंगत्व असलेले अशी झाली होती. त्यांच्यातल्या मराठी वाचकांसाठी हे आवाहन आहे, आणि ते डोळस मराठी माणसांनाही तितकेच उद्देशून आहे.

ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने 2006 मध्ये ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, लिहायला घेतला. पुढे त्याला येऊन मिळालेला जेम्स तेह हाही दृष्टिहीन. त्या काळी विकतच्या स्क्रीनरीडरसाठी अनेकदा खुद्द संगणकापेक्षा जास्त पैसे मोजावे लागत. या दोघांनी आपला प्रोग्राम फुकट दिला आणि त्याचा सोर्स कोडही सर्वांसाठी खुला ठेवला. ज्यांची अडचण होती त्यांनीच काम हाती घेतले, दिशा ठरवली आणि जगभरातल्या लोकांना सोबत घेतले. मुक्त सॉफ्टवेअरमधले नेतृत्व म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

एनव्हीडीएसोबत ‘ईस्पीक एनजी’ हा आवाज मिळतो. जोनाथन डडिंग्टन यांनी सुरू केलेल्या ईस्पीकचे हे पुढचे रूप, आणि त्यात मराठीही आहे. हा आवाज यांत्रिक वाटतो, नव्याने ऐकणाऱ्याला तो आवडतोच असे नाही. पण तो अगदी कमी जागा घेतो, जुन्या संगणकावर चालतो आणि खूप वेगाने बोलला तरी शब्द स्पष्ट राहतात. सराव असलेले दृष्टिहीन वाचक ज्या वेगाने ऐकतात तो वेग आपल्याला पेलणार नाही.

ईस्पीक एनजीचे मराठी ज्या नियमांवर चालते, ते साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये लिहिलेले आहेत. एका फाइलीत अक्षरांवरून उच्चार ठरवण्याचे नियम, दुसरीत नियमात न बसणाऱ्या शब्दांची यादी. ‘मुलगा’ लिहायचे आणि ‘मुल्गा’ म्हणायचे, हे तिथेच सांगावे लागते. त्या फाइली कोणीही उघडून पाहू शकतो आणि दुरुस्ती सुचवू शकतो. आपल्या भाषेचा आवाज असा आपल्या हाती असताना तो सुधारण्याचे काम परक्यांवर सोडणे मला पटत नाही.

म्हणून ही विनंती. जे हा आवाज रोज ऐकतात त्यांनी खटकलेले शब्द टिपून ठेवावेत. सुटा शब्द पुरत नाही. पूर्ण वाक्य, ऐकू आलेला उच्चार आणि हवा असलेला उच्चार, असे तिन्ही हवे. मराठीच्या शिक्षकांनी आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी त्या शब्दांमागचा नियम शोधून द्यावा, कारण एका नियमाने शेकडो शब्द सुधारतात. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथल्या आणि परदेशातल्या मराठी प्रोग्रामरांनी तो नियम फाइलीत लिहून, तपासून, गिटहबवर मूळ प्रकल्पाकडे पाठवावा. इंग्रजीत लिहायला बिचकणाऱ्याची तक्रार दुसऱ्याने लिहून द्यावी.

अभियांत्रिकी महाविद्यालयांना वेगळे सांगायचे आहे. ‘अंधांसाठी ॲप’ हा शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा आवडता विषय असतो. सादरीकरण झाले, गुण मिळाले की सहसा ते ॲप संपते. त्याऐवजी विद्यार्थ्यांनी चालू प्रकल्पातली एक खरी चूक दुरुस्त केली आणि ती दुरुस्ती स्वीकारली गेली, तर तिला पूर्ण गुण द्या. ती दुरुस्ती पुढच्या आवृत्तीसोबत लोकांपर्यंत पोहोचेल.

कार्यालये, प्रकाशक, संपादक यांनी युनिकोडमध्येच लिहावे. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले मराठी डोळ्यांना मराठी दिसते, पण त्याखाली रोमन अक्षरे असतात आणि स्क्रीनरीडर त्यांचीच निरर्थक जुळवाजुळव वाचतो. कागदाचा फोटो काढून बनवलेली पीडीएफ तर त्याच्यासाठी कोरीच असते. उच्चार कितीही सुधारले तरी अशा मजकुरापुढे त्यांचा उपयोग नाही.

एकदा दुरुस्ती करून हे काम संपत नाही. नवे शब्द येत राहतात, वऱ्हाडी आणि कोकणी वळणाचे उच्चार कुठे बसवायचे यावर वाद होतील, कोणाला तरी निर्णय घ्यावे लागतील. त्यासाठी कायम देखभाल करणारा मराठी गट हवा आणि त्याचे नेतृत्व दृष्टिहीन वापरकर्त्यांकडेच असावे. कोणता उच्चार कानाला टोचतो हे ठरवण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे. बाकीच्यांनी त्यांच्या हाताखाली काम करायला पुढे यावे.