पोटात दहा किलोची गाठ वाढेपर्यंत कळत कसं नाही?

‘महिलेच्या पोटातून दहा किलोची गाठ काढली’ अशी बातमी दर काही महिन्यांनी कुठून तरी येते. ट्रेमध्ये ठेवलेल्या गाठीचा फोटो फिरतो आणि खाली ठरलेली कमेंट असते: एवढं पोट वाढेपर्यंत घरचे काय झोपले होते का?

प्रश्न रागातून येतो, पण त्याला उत्तर आहे. अशी गाठ बऱ्याचदा दुखतच नाही.

या गाठी म्हणजे सिस्ट, द्रवाने भरलेली पिशवी. यकृत, स्वादुपिंड, आतड्याला धरून ठेवणारा पडदा, कुठेही ती होऊ शकते. पण बातमीत येणाऱ्या राक्षसी गाठी बहुतेक वेळा अंडाशयाच्या असतात. पोटाची भिंत लवचिक आहे आणि गाठ महिनोन् महिने सावकाश वाढते, त्यामुळे आतडी बाजूला सरकून तिला जागा करून देतात. पाळी अनेकदा नियमित असते. थोडं खाल्लं की पोट भरतं, लघवीला सारखं जावं लागतं, आडवं झालं की दम लागतो. यातल्या प्रत्येक तक्रारीला घरात एक तयार उत्तर असतं: गॅस, वय, बसून काम. हातपाय बारीक होतायत आणि पोट मात्र वाढतंय, ही खूण खरी, पण साडीत आणि सैल कुर्त्यात ती झाकली जाते.

डॉक्टरही फसू शकतात. पोटात पाणी होणं, म्हणजे जलोदर, आणि मोठी गाठ बाहेरून सारखीच दिसतात. जुने डॉक्टर पोटावर बोट ठेवून टकटक करतात, त्यामागे हेच शास्त्र आहे. जलोदरात पाणी कुशीत उतरतं, आतडी वर तरंगतात, म्हणून कुशीत आवाज बद्द येतो आणि मध्यभागी पोकळ. अंडाशयाच्या गाठीत बरोबर उलटं. सोनोग्राफीतसुद्धा गाठ इतकी मोठी असू शकते की तिची कडाच स्क्रीनवर येत नाही आणि रिपोर्टवर ‘पोटात पाणी’ लिहिलं जातं. मग सीटी किंवा एमआरआय करून गाठ नेमकी कुठून निघाली ते पाहावं लागतं. जलोदर समजून सुई घालून पाणी काढलं तर धोका मोठा. गाठ कर्करोगाची असेल तर पेशी पोटभर सांडू शकतात. कुत्र्याच्या विष्ठेतल्या जंताच्या अंड्यांमुळे होणारी हायडॅटिड गाठ फुटली तर जीवघेणी अ‍ॅलर्जी येऊ शकते.

रक्ताची सीए-१२५ चाचणी वाढलेली आली की घरात रडारड सुरू होते. ती एकट्याने कर्करोग ठरवत नाही. एंडोमेट्रिओसिसमध्ये आणि पोटाच्या टीबीतही हा आकडा वाढतो, आणि टीबी आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. उलट बाजूही सांगायला हवी: तरुण मुलींच्या रिपोर्टमध्ये दिसणाऱ्या दोन-चार सेंटिमीटरच्या साध्या सिस्ट बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जातात. प्रत्येक सिस्ट म्हणजे ऑपरेशन नव्हे.

मोठ्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये कापण्याइतकीच कसोटी भूल देणाऱ्या डॉक्टरांची असते. पेशंटला सरळ उताणं झोपवलं तर गाठीचं वजन मुख्य नीलेवर पडून बीपी कोसळू शकतं, म्हणून टेबल डावीकडे कलतं ठेवतात. गाठ एकदम उचलली तरी बीपी पडतं, कारण दाबलेल्या नसा अचानक मोकळ्या होतात. कर्करोगाची शंका असेल तर मोठा छेद घेऊन गाठ अखंड काढायचा प्रयत्न होतो. नसेल तर काही वेळा आतला द्रव बाहेर सांडू न देता सावकाश काढून छोट्या छेदातून काम होतं. गाठीचा तुकडा पेशंट टेबलवर असतानाच तपासता येतो आणि दुसरं अंडाशय ठेवायचं का, हे त्यावर ठरतं. मूल हवं असलेल्या बाईसाठी सगळ्यात मोठा निर्णय हाच.

ही शस्त्रक्रिया जुनी आहे. २५ डिसेंबर १८०९ रोजी अमेरिकेतल्या केंटकीत इफ्रेम मॅकडॉवेल यांनी जेन क्रॉफर्ड या महिलेच्या अंडाशयातून सुमारे १० किलोची गाठ काढली, तीही भूल न देता. ती गरोदर आहे असं आधीच्या डॉक्टरांना वाटलं होतं. त्यानंतर ती ३२ वर्षं जगली. १९९१ मध्ये स्टॅनफर्डला काढलेली गाठ तर सुमारे १३७ किलोची होती.

पुण्याकडे वळलं तर येरवड्याचा विषय निघतो. १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झालेले गांधीजी येरवडा तुरुंगात होते. जानेवारी १९२४ मध्ये त्यांचं पोट दुखू लागलं, अपेंडिक्स असल्याचं निदान झालं आणि १२ जानेवारीच्या रात्री ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात झालं. ५ फेब्रुवारीला त्यांची सुटका झाली. तो कैदी कोण आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. इंग्रज सरकारला त्याच्या पोटदुखीकडे दुर्लक्ष परवडणारं नव्हतं.

त्याच येरवड्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, महिला कारागृह आहे आणि राज्यातलं सगळ्यात मोठं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. कुठल्याही मनोरुग्णालयात गाठ ओळखणं आणखी अवघड जातं. मानसिक आजाराच्या काही औषधांनी वजन वाढतं, बद्धकोष्ठता होते. म्हणजे पोट सुटायला कारण आधीच हजर. त्यात ‘पोटात काहीतरी आहे’ असं पेशंट म्हणाली तर ते आजाराचंच लक्षण धरलं जाण्याची भीती. शरीराची तक्रार मनाच्या खात्यात टाकण्याची ही चूक जगभर होते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २१ नुसार मनोरुग्णाला इतर रुग्णांच्या बरोबरीने सगळी आरोग्यसेवा मिळायला हवी. त्यात सोनोग्राफीही आली.

पैशांचा प्रश्न उरतोच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला. पण ही योजना मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. गाठ सापडते ती त्याआधी, ओपीडीत, कुणीतरी बाईला टेबलावर झोपवून पोटाला हात लावला तर. रोजंदारी बुडवून तिथवर पोहोचायचं, रांगेत थांबायचं आणि गॅसची गोळी घेऊन परत यायचं, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा बाई जात नाही.