सावित्रीच्या लेकी नववीत कुठे जातात?

दरवर्षी 3 जानेवारीला गावोगावच्या कन्या शाळांत सावित्रीमाईंच्या प्रतिमेला हार घातला जातो. मुली नऊवारी नेसून, कपाळावर आडवे कुंकू लावून भाषणे करतात. आपले कार्यकर्ते प्रमुख पाहुणे म्हणून जातात, वह्या-पेन वाटतात, फोटो काढतात आणि घरी येतात. आमचा प्रश्न साधा आहे. त्या दिवशी ज्या मुली शाळेत नव्हत्या, त्यांची चौकशी किती जणांनी केली?

आम्ही बीड जिल्ह्यातल्या वस्त्यांवर काम करतो. तालुक्याच्या गावातल्या एका कन्या शाळेत आमचे वर्षभर जाणे-येणे असते. त्यातून आमचे एक ठाम मत झाले आहे. आपल्या मुली एका दिवसात शाळा सोडत नाहीत. शाळेच्या वर्षात गळतीच्या जागा ठरलेल्या आहेत, महिनेही ठरलेले आहेत. मग त्या महिन्यांत चळवळ कुठे असते?

जूनपासून सुरुवात करू. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत सातवी झाली की मुलगी आठवीला तालुक्याला येते. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. मानव विकासच्या निळ्या बसही आहेत. पण पास मोफत असून भागत नाही, शाळा सुटल्यावर वस्तीच्या फाट्यावर थांबणारी बस लागते. मुलीला घरी यायला दोन-तीनदा अंधार झाला की बापाचे मन बदलते. मग लोक म्हणतात, दलितांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही. महत्त्व कळते हो, बस मिळत नाही!

जुलै-ऑगस्टमध्ये शिष्यवृत्तीचे कागद सुरू होतात. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी सावित्रीबाईंच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. पाचवी ते सातवीला महिना 60 रुपये, आठवी ते दहावीला महिना 100 रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. आठवीतल्या मुलीला वर्षाचे 1000 रुपये. आधारवर नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, बँकेतले खाते बंद पडलेले. आईने दोन-तीन दिवस मजुरी बुडवून तालुक्याला खेपा घातल्या की त्यातला मोठा वाटा तिथेच संपतो. 1992 मध्ये पहिली ते चौथीच्या मागास मुलींसाठी दिवसाला 1 रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. तीस वर्षांत सगळे महाग झाले, मुलीची हजेरी तेवढी स्वस्त राहिली.

दिवाळीनंतर वर्ग अर्धा रिकामा दिसू लागतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. आईबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडावर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. धाकटी भावंडे सांभाळायला, पहाटे भाकरी थापायला मोठी मुलगी बरोबर लागते. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण त्यासाठी कुटुंब निघायच्या आधी गावात यादी व्हावी लागते, आणि वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायला आईचा जीव धजावला पाहिजे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्ने उरकली जातात. वर्गातल्या एका रिकाम्या बाकामागे कर्जाचा एवढा हिशेब असतो.

आता नववीकडे पाहा. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांपर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत, मोफत पुस्तके आठवीपर्यंत. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची होते आणि नेमका तेव्हाच सरकार हात आखडता घेते. त्याच वयात घरात तिच्या लग्नाची चर्चा सुरू होते, त्याच वयात पाळीच्या दिवसांत पाणी नसलेल्या स्वच्छतागृहापेक्षा घरी राहिलेले बरे असे तिला वाटू लागते. सगळे दोर एकाच वर्षी कापले जातात आणि मग हजेरीपटावर शेरा पडतो, 'सतत गैरहजर'. ती गैरहजर नाही, तिला बाहेर काढले आहे.

हे सगळे शासनाचे काम आहे, आपण काय करणार, असे काही मित्र म्हणतात. शासनाची जबाबदारी आहेच आणि ती वसूल केलीच पाहिजे. पण आपला इतिहास केवळ वाट पाहणाऱ्यांचा नाही. नागपूरच्या जाईबाई चौधरी कामठी स्टेशनवर हमाली करत. मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या, तर अस्पृश्य बाई शिकवते म्हणून सवर्णांनी मुले पाठवणे बंद केले आणि नोकरी गेली. त्यांनी 1920 च्या दशकात चोखामेळा कन्या पाठशाळा उभी केली. त्याच नागपुरात जुलै 1942 मध्ये हजारो दलित स्त्रियांसमोर बाबासाहेबांनी मुलींना शिकवा आणि त्यांच्या लग्नाची घाई करू नका असे सांगितले. या दोन गोष्टी त्यांनी एकाच भाषणात सांगितल्या, कारण त्या एकच गोष्ट आहेत.

आणखी मागे गेलो तर फुले दांपत्याच्या शाळेतली मुक्ता साळवे भेटते. चौदा वर्षांच्या या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धर्म कुणाचा आणि आमचे काय, हे तिने थेट विचारले. आजच्या बालिकादिनी सावित्रीमाईंवर पडलेले शेण-दगड सांगितले जातात, मुक्ताचा प्रश्न सांगितला जात नाही. शेण फेकणारे मेले, म्हणून ती गोष्ट सोयीची आहे. मुक्ताचा प्रश्न जिवंत आहे, म्हणून तो गैरसोयीचा आहे.

जयंती करू नका, असे आम्ही म्हणत नाही. फुले-आंबेडकरांचे नाव शाळेच्या भिंतीवर यायला लढावे लागले आहे. पण चळवळीचे वर्ष जयंतीच्या तारखांनी चालते आणि मुलीचे वर्ष शाळेच्या तारखांनी. या दोन वर्षांची गाठ घातली पाहिजे. एप्रिलमध्ये मुलींची वार्षिक परीक्षा असते आणि त्याच आठवड्यात आपल्याच वस्तीत रात्री उशिरापर्यंत डीजे दणाणतो. अठरा तास अभ्यास करणाऱ्या महामानवाच्या नावाने मुलीचा अभ्यास बुडावा, याहून मोठी विटंबना कोणती?

म्हणून प्रत्येक मंडळाने, प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतल्या सहावी ते दहावीच्या मुलींची यादी एका वहीत करावी. जूनमध्ये आगारात जाऊन बसच्या वेळेचे निवेदन द्यावे. जुलैत समाजमंदिरात दोन दिवस बसून सगळ्यांचे कागद एकत्र करावेत. दसऱ्याआधी मुख्याध्यापकांना भेटून हंगामी वसतिगृहाची यादी करून घ्यावी. 26 नोव्हेंबरला उद्देशिका वाचून झाल्यावर हजेरीपट मागावा. आठवीचा निकाल लागला की नववीचा प्रवेश होईपर्यंत त्या घराचा उंबरा सोडू नये, आणि पुस्तकांचा खर्च जयंतीच्या वर्गणीतून उचलावा. लग्नाची कुणकुण लागली तर आधी आईबापांशी बोलावे. नाहीच ऐकले तर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाला लेखी कळवावे, 1098 वर फोन करावा. लोक नाराज होतील. होऊ द्या.

या कामात भाषण नाही, फेटा नाही, बॅनरवर फोटो नाही. पण येत्या 3 जानेवारीला हार घालायला जाल, तेव्हा ती वही बरोबर न्या आणि नववीच्या वर्गात बसून नावे वाचा. जितक्या मुली 'हजर' म्हणतील, तितकीच आपली चळवळ त्या वर्षी जिवंत होती, असे समजा.

जय भीम! जय सावित्री!